एक ओळ ठळक, एक ओळ पुसट

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरणांची बारीक शलाका सोडली की समोरच्या पडद्यावर ठिपके उमटतात. भोकं पाडलेला कागद अंगणात ठेवून त्यावरून रांगोळी फिरवावी, आणि कागद उचलल्यावर सरळ रांगांत ठिपके दिसावेत, तसे. पण रांगोळीचे ठिपके सगळे सारखे असतात. इथे एखादा ठिपका डोळ्यांत भरणारा असतो, तर शेजारचा शोधावा लागतो. ठळक कोणता आणि पुसट कोणता, याला वरवर काही शिस्त दिसत नाही. हजारो अणूंच्या वेड्यावाकड्या रेणूकडून आलेलं चित्र तसं बेशिस्तच असायला हवं. स्फटिकशास्त्र करणाऱ्यांच्या डोळ्यांना ही बेशिस्त सवयीची होते.

एखाद्या दिवशी मात्र पडद्यावर वेगळंच काही येतं. एक ओळ ठळक, पुढची पुसट, मग पुन्हा ठळक, पुन्हा पुसट. अशा वेळी जाणकार माणूस हातातलं काम थांबवतो. स्फटिकाच्या आत काहीतरी दोनदा आलेलं असतं आणि स्फटिकाच्या अधिकृत नियमांत त्याची नोंद नसते.

कुणी म्हणेल, स्फटिक म्हणजेच पुनरावृत्ती, मग तीत आणखी दडायचं काय? खरं आहे. एकच खोका तिन्ही दिशांना कोट्यवधी वेळा जसाच्या तसा मांडला की स्फटिक होतो. या खोक्याला एकक कोशिका म्हणतात. त्या खोक्याच्या आतही बरेचदा नियम असतात: अर्धं फिरवलं की तेच दिसतं, थोडं सरकवून फिरवलं की तेच दिसतं. हे नियम स्फटिकात कुठेही उभं राहिलं तरी तंतोतंत लागू पडतात. पण कधी कधी या नियमांनी एकमेकांशी न बांधलेले दोन रेणू एकाच खोक्यात शेजारी बसतात. दोघं एकाच साच्यातले असतात. एक दुसऱ्याकडे कसा नेता येईल हेही सांगता येतं, पण ते सांगणं त्या जोडीपुरतंच खरं असतं. पुढच्या खोक्यापर्यंत ते पोचत नाही. शास्त्राच्या भाषेत ही अस्फटिकीय सममिती. मी तिला स्थानिक सममिती म्हणेन, कारण ती खरोखरच त्या वस्तीपुरती असते.

ती ओळखायची कशी, हा या प्रकरणाचा विषय. अडचण अशी की स्फटिकाच्या आत काय आहे हे आपल्याला अजून दिसलेलंच नाही. हातात आहेत फक्त ठिपके.

प्रत्येक ठिपका म्हणजे एक लाट. लाटेच्या दोन गोष्टी कळायला हव्यात: ती किती उंच आहे आणि तिचा माथा नेमका कुठे येतो. उंची ठिपक्याच्या तेजावरून कळते. माथ्याची जागा, जिला पदार्थविज्ञानात कला म्हणतात, पडद्यावर नोंदली जात नाही. आणि कला माहीत नसेल तर लाटा एकमेकींवर रचून रेणूचं चित्र काढता येत नाही. या शास्त्रातल्या जवळजवळ सगळ्या हुशारीचा उगम या एका हरवलेल्या आकड्यात आहे.

१९३४ साली आर्थर लिंडो पॅटर्सन या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या पदार्थवैज्ञानिकानं ‘फिजिकल रिव्ह्यू’ या नियतकालिकात एक वेगळाच प्रश्न मांडला. कला नाहीत तर नाहीत, नुसती तेजं घेऊन तेच गणित केलं तर काय मिळेल? त्यांचं उत्तर असं: अणूंच्या जागा मिळत नाहीत, पण अणूंमधली अंतरं मिळतात, दिशेसकट.

जुन्या डायऱ्यांच्या मागच्या पानांवर गावागावांमधल्या अंतरांचा तक्ता असायचा. पुणे ते सातारा इतके, नाशिक ते धुळे तितके. समजा त्या तक्त्यातली गावांची नावं कुणी खोडून टाकली आणि फक्त आकडे आणि दिशा ठेवल्या. ‘इथून आग्नेयेला एकशेदहा किलोमीटर’ अशी नोंद आहे, पण कुठून कुठे ते लिहिलेलं नाही. पॅटर्सनचा नकाशा म्हणजे हा तक्ता. पाच-दहा गावं असतील तर डोकं लढवून मूळ नकाशा परत काढता येतो आणि लहान रेणूंच्या बाबतीत तो काढलाही गेला. पण हजार अणूंचं लहानसं प्रथिन घेतलं तरी अंतरांची संख्या दहा लाखांच्या घरात जाते. ती सगळी एकमेकांवर पडून नुसता गाळ होतो.

त्याच १९३४ साली केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनचा स्फटिक त्याच्या मूळ द्रवातच ओला ठेवून पहिल्यांदा प्रथिनाचे नीट ठिपके मिळवले. म्हणजे प्रथिनाच्या रचनेचा प्रश्न आणि पॅटर्सनचं हत्यार एकाच वर्षी जन्मले, पण हत्यार त्या प्रश्नासाठी फारच लहान वाटत होतं. मला मात्र या गाळाचाच जास्त मोह पडतो. त्यातून एकेक अणू वेचता येत नाही हे खरं, पण त्यात पुनरावृत्ती लपू शकत नाही.

कारण साधं आहे. खोक्यात एकसारखे दोन रेणू आहेत, दोघांची तोंडं एकाच दिशेला आहेत आणि एक दुसऱ्यापासून ठरावीक अंतरावर सरकलेला आहे, असं समजू. पहिल्यातल्या प्रत्येक अणूपासून दुसऱ्यातल्या त्याच्या जोडीदारापर्यंतचं अंतर आणि दिशा एकच. हजार अणू असतील तर हजार नोंदी तक्त्यात एकाच जागी येऊन पडतात. बाकी सगळीकडे गाळ पसरलेला आणि मधेच एक डोंगर! त्याची उंची मोजायला मापही हाताशी असतं. नकाशाच्या मध्यबिंदूवर प्रत्येक अणूचं स्वतःपासूनचं अंतर, म्हणजे शून्य, जमा झालेलं असतं. ते सगळ्यात उंच शिखर. त्याच्या वीस टक्क्यांहून उंच शिखर मध्यापासून दूर कुठे दिसलं की शंका घ्यायची, असा या क्षेत्रातला ढोबळ दंडक आहे. आजकाल फेनिक्स या संगणकसंचातली एक्सट्रायेज नावाची आज्ञावली हे काम आपणहून करते. मध्यापासून पंधरा आंगस्ट्रॉमच्या पलीकडची शिखरं ती शोधते आणि इतकं उंच शिखर योगायोगानं येण्याची शक्यता किती तेही सांगते. (दहा कोटी आंगस्ट्रॉम म्हणजे एक सेंटिमीटर.) अलीकडची शिखरं ती धरत नाही, कारण रेणूच्या आतल्या आतही काही अंतरं पुन्हा पुन्हा येतात. प्रथिनातल्या मळसूत्राच्या वेढ्यांचंच उदाहरण घ्या.

आता दुसरा रेणू नुसता सरकलेला नसून फिरलेलाही असेल तर? मग हा डोंगर विरून जातो. जोडीदारांमधली अंतरं प्रत्येक अणूगणिक वेगळी होतात आणि गाळात मिसळतात. पुनरावृत्ती आहे, पण शिखर नाही.

इथे मायकेल रॉसमन आणि डेव्हिड ब्लो यांची गोष्ट येते. फ्रँकफर्टमध्ये जन्मलेले रॉसमन १९३९ साली आईबरोबर इंग्लंडला आले आणि पुढे केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांच्या हिमोग्लोबिनच्या कामात सामील झाले. ब्लोही तिथलेच. १९६२ साली ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’त दोघांनी मिळून जो लेख लिहिला, त्याच्या शीर्षकातच दडलेले उपघटक शोधण्याचा मुद्दा होता. त्यांनी पाहिलं ते असं. रेणूच्या आतल्या आत असलेली अंतरं आखूड असतात, म्हणून ती नकाशाच्या मध्याभोवती गोळा होतात. पहिल्या रेणूच्या अंतरांचा एक गुंता, दुसऱ्याच्या अंतरांचा दुसरा गुंता, दोन्ही त्याच मध्याभोवती. आणि दुसरा रेणू जितका फिरलेला असेल तितकाच त्याचा गुंताही फिरलेला असतो. रेणू कुठे बसला आहे याचा इथे संबंधच उरत नाही, उरतं ते फक्त त्याचं वळण.

मग नकाशाच्या मध्याभोवती एक गोल कापून घ्यायचा. त्याची दुसरी प्रत करायची. ती पहिलीवर ठेवून हळूहळू फिरवायची आणि प्रत्येक वळणावर दोन्ही किती जुळतात ते मोजायचं. बहुतेक वळणांवर काहीच जुळत नाही. एका वळणावर अचानक पहिल्या रेणूचा गुंता दुसऱ्याच्या गुंत्यावर नेमका जाऊन बसतो आणि आकडा उसळतो. फिरवायला तीन कोन लागतात, त्यामुळे शोध दमवणारा असतो, पण कलेची गरज एकदाही पडत नाही. याला फिरत फलन म्हणतात.

त्यांनी हे पारखून पाहिलं घोड्याच्या हिमोग्लोबिनवर. पेरुट्झ यांच्या नमुन्यामुळे उत्तर आधीच माहीत होतं. रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. स्फटिकाच्या नियमानं एक अल्फा-बीटा जोडी दुसरीशी बांधलेली असते. पण अल्फाचा बीटाशी स्फटिकीय असा काहीच संबंध नसतो. एकीत १४१ अमिनो आम्लं, दुसरीत १४६, घडण मात्र बरीचशी सारखी. फिरवलेल्या गोलानं अल्फाकडून बीटाकडे जाणारं वळण दाखवून दिलं. जुळ्यांपेक्षा सख्ख्या भावंडांचं नातं म्हणावं असं हे साम्य, तेही नुसत्या ठिपक्यांच्या तेजातून सापडलं. पद्धत पारखायची तर उत्तर माहीत असलेल्या गणितावर पारखावी, हा त्यांचा शहाणपणा मला फार मोलाचा वाटतो.

उत्तर माहीत नसलेलं गणित लवकरच आलं. डोरोथी क्रोफूट, लग्नानंतरच्या हॉजकिन, यांनी १९३५ साली इन्शुलिनच्या स्फटिकाचे पहिले ठिपके टिपले होते आणि तीस वर्षं त्या रचनेच्या मागे होत्या. जस्त असलेल्या इन्शुलिनच्या स्फटिकात तीनदा फिरवल्यावर पूर्वपदावर येणारा अक्ष असतो. त्याच्या प्रत्येक तिसऱ्या हिश्शात इन्शुलिनचे दोन रेणू. या दोघांचं एकमेकांशी काय नातं? १९६६ साली हॉजकिन, रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तीनपदरी अक्षाला काटकोनात एक स्थानिक दोनपदरी अक्ष आहे. म्हणजे तीन जोड्या मिळून सहा रेणूंचा गोफ. आपल्या स्वादुपिंडात इन्शुलिन साठवलं जातं ते याच सहांच्या रूपात, जस्ताच्या आधारानं. १९६९ मध्ये पूर्ण रचना आली तेव्हा ते सिद्धही झालं. त्या चमूत एम. विजयन होते. ते पुढे बंगळुरूला परतले आणि भारतातल्या प्रथिन-स्फटिकशास्त्राचा पाया त्यांनी घातला. रचनेत हेही दिसलं की जोडीतले दोघं हुबेहूब सारखे नाहीत. बी साखळीतलं पंचविसावं अमिनो आम्ल, फेनिलअ‍ॅलनिन, दोघांत वेगळ्या दिशेला वळलेलं आहे. स्थानिक सममिती अशीच असते, जवळजवळ खरी.

आता सुरुवातीच्या ठळक-पुसट ओळींकडे येऊ. त्यासाठी एक पैठणी डोळ्यांसमोर आणा. काठावर मोरांची रांग आहे. विणकरानं प्रत्येक दुसऱ्या मोराची मान किंचित वळवली आहे. दुरून पाहणाऱ्याला एकच मोर पुन्हा पुन्हा दिसतो. काठ हातात घेऊन पाहणाऱ्याला कळतं की पुन्हा येते ती मोरांची जोडी, एकटा मोर नव्हे.

स्फटिकात नेमकं हेच घडतं. दुसरा रेणू खोक्याच्या साधारण निम्म्या अंतरावर सरकलेला असेल, तर सम क्रमांकाच्या ठिपक्यांसाठी दोघांच्या लाटा माथ्याला माथा लावून येतात. उंची दुप्पट, म्हणून तेज चौपट. विषम क्रमांकाच्या ठिपक्यांसाठी एकाचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर येतो आणि दोघं एकमेकांना खोडतात. दोन्ही मोर तंतोतंत सारखे असते तर विषम ओळी पूर्ण नाहीशा झाल्या असत्या. मग जोडी नसून एकच मोर आहे, खोका आपण समजलो त्याच्या निम्माच आहे, असं म्हणावं लागलं असतं. त्या ओळी पुसट का होईना पण आहेत, याचाच अर्थ मोरांत फरक आहे. ठळक ओळी सांगतात की रेणू सारखे आहेत, पुसट ओळी सांगतात की ते कुठे वेगळे आहेत. मध्याजवळच्या ठिपक्यांत, म्हणजे ढोबळ तपशिलाच्या भागात, ठळक-पुसट हा भेद स्वच्छ दिसतो. बाहेरच्या ठिपक्यांत, जिथे बारीक तपशील असतो, तो भेद विरत जातो. पैठणी डोळ्यांजवळ आणली की मानेचं वळण दिसू लागतं, तसंच.

धोका इथेच आहे. पुसट ओळी संगणकाच्या नजरेतून निसटल्या, तर तो निम्माच खोका बरोबर मानून पुढे जातो. रचना सुटल्यासारखी वाटते, पण जे हाती येतं ते दोन रेणूंचं सरासरी रूप असतं. जिथे ते एकमेकांपासून वेगळे आहेत, तिथे फक्त धूसरपणा. आणि प्रथिनाच्या कामाचं रहस्य बरेचदा त्या वेगळेपणातच असतं.

दुसरा धोका संख्याशास्त्रातला. ए. जे. सी. विल्सन यांनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की अणू कसेही विखुरलेले असले तरी तेजांची वाटणी एका ठरावीक पद्धतीनं होते. तेजाच्या वर्गाची सरासरी भागिले सरासरीचा वर्ग, हे गुणोत्तर प्रथिनाच्या साधारण ठिपक्यांसाठी २ यायला हवं. ठळक-पुसट ओळी असल्या की तेजं टोकाला जातात आणि गुणोत्तर २ च्या वर चढतं. विषम ओळी साफ नाहीशा झाल्या तर ते ४ होतं. उलट स्फटिक जुळा असेल, म्हणजे वेगवेगळ्या दिशेनं वाढलेले दोन भाग एकमेकांत गुंतलेले असतील, तर दोघांची तेजं मिसळून सपाट होतात आणि गुणोत्तर १.५ पर्यंत उतरतं. आता एकाच स्फटिकात दोन्ही दोष असतील तर? एक गुणोत्तर वर ढकलतो, दुसरा खाली ओढतो, आणि आकडा २ च्या आसपास येऊन निरोगी दिसतो. रक्तदाब वाढवणारं आणि उतरवणारं कारण एकदमच असावं आणि मोजमाप साधारण यावं, तशी ही फसगत.

यावर २००३ साली पॅडिला आणि येट्स यांनी चांगला उपाय काढला. सगळ्या ठिपक्यांची सरासरी न काढता प्रत्येक ठिपक्याची तुलना जवळच्या ठिपक्याशी करायची, त्यातला फरक भागिले बेरीज. साध्या स्फटिकात या आकड्याची सरासरी ०.५ येते, पूर्ण जुळ्यात ०.३७५. आणि जवळचा म्हणजे अगदी शेजारचा नाही, एक सोडून पुढचा. मग ठळकाची तुलना ठळकाशी होते, पुसटाची पुसटाशी, आणि मोरांच्या जोडीचा परिणाम आपोआप गळून पडतो. इतक्या साध्या युक्तीनं दोन दोष वेगळे होतात याचा आनंद मला प्रत्येक वेळी नव्यानं होतो.

या दोन्ही दोषांचा कळस मला माहीत असलेल्यांपैकी एका पोलिश स्फटिकात आहे. सेंट जॉन्स वर्ट या युरोपीय औषधी झुडपात हायप-१ नावाचं प्रथिन असतं. पोझ्नानमधल्या जोआना स्लिवियाक आणि मारिउश यास्कोल्स्की यांच्याकडे त्याचा, एका चमकणाऱ्या रंगद्रव्यासह वाढलेला स्फटिक होता. त्यात चार-चार रेणूंचे सात गट एका अक्षावर ओळीनं, जवळजवळ एकाच दिशेला तोंड करून बसलेले. आणि स्फटिक जुळा नव्हे तर चौपट जुळा. खोक्याचा खरा नियम कोणता हेच ठरेना, कारण चार भागांच्या मिसळण्यामुळे खोटी सममिती खऱ्यासारखी दिसत होती.

तोवर केंब्रिजमध्ये रँडी रीड आणि एअर्ली मॅकॉय यांनी फेझर या आज्ञावलीत सुधारणा केली होती. सरकलेल्या प्रतींमुळे कोणता ठिपका किती ठळक किंवा पुसट अपेक्षित आहे, हे ती हिशोबात धरू लागली होती. मग सगळ्यांनी मिळून जे केलं ते धाडसाचं होतं. स्फटिकाला काही नियमच नाही असं गृहीत धरलं आणि खोक्यात एकेक करून ५६ रेणू बसवले. बसवून झाल्यावर पाहिलं की त्यांच्यात कोणती सममिती आपणहून उतरली आहे. खरा नियम तिथून निघाला आणि स्वतंत्र रेणूंची संख्या ५६ वरून २८ वर आली. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं. नियम आधी मानून रेणू बसवायचे ही नेहमीची रीत. त्यांनी रेणूंनाच नियम विचारला.

सममिती शोधणाऱ्याला एक मोह नेहमी होतो: आहे त्यापेक्षा जास्त सममिती पाहण्याचा. एकसारखे चार उपघटक म्हटले की ते चौकात उभे असतील किंवा एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन दोनपदरी अक्षांभोवती असतील, असं मन आधीच धरून चालतं. बहुतेक वेळा तसंच निघतं. आपल्या रोजच्या शेंगदाण्यात एक प्रथिन आहे, लेक्टिन. पेशींवरच्या साखरांना ते ओळखून चिकटतं, विशेषतः अनेक कर्करोगांच्या पेशींवर उघड्या पडणाऱ्या टी-अँटिजेनला. त्याचे चार उपघटक एकसारखे आहेत. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विजयन यांच्या गटानं त्याची रचना काढली. त्या लेखकांत नागपूरचे शेखर मांडे होते, जे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राचे संचालक झाले. १९९४ साली ती रचना प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यात वरच्या दोन्हींपैकी एकही मांडणी नव्हती. रेणूचे दोन अर्धे एका दोनपदरी अक्षानं जोडलेले. प्रत्येक अर्ध्यातले दोन उपघटकही आपापल्या दोनपदरी अक्षानं जोडलेले. पण हे अक्ष अशा कोनात आहेत की त्यांची साखळी कधी पुरी होत नाही.

करून पाहा. पहिल्या अर्ध्याचा अक्ष धरा आणि त्याभोवती अख्खा रेणू अर्धा फिरवा. पहिल्या अर्ध्यातले दोघं एकमेकांच्या जागी जाऊन बरोबर बसतात. नेहमीच्या चौकडीत उरलेले दोघंही असेच एकमेकांच्या जागी बसले असते. इथे ते फिरून जिथे पोचतात, तिथे या रेणूचा एकही उपघटक नसतो.